डोरेमॉनची भाषा कोणी ठरवली?

प्रवरेच्या काठावरचे नेवासे हे मराठी भाषेचे तीर्थक्षेत्र. शके १२१२ मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजही तिथे उभा आहे. पंडितांच्या भाषेत कोंडलेले ज्ञान लोकांच्या भाषेत आणण्याचे धाडस या गावात झाले. याच तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर आज दिवेलागणीला जावे. उसाच्या कडेला चार खोल्यांचे घर, पत्र्यावर डिशची वाटोळी तबकडी, ओट्यावर माळ ओढत बसलेली आजी आणि आत दूरचित्रवाणीसमोर मांडी घालून बसलेले पाच-सहा वर्षांचे मूल. पडद्यावर निळ्या रंगाचे, कान नसलेले एक मांजर हिंदीत बोलते आहे. मुलाला तहान लागते आणि ते आजीकडे पाणी मागते तेही हिंदीत. आजीला गंमत वाटते. नातू हुशार निघाला, शाळेत न जाता दुसरी भाषा शिकला, असे ती शेजारणीला सांगते.

हे दृश्य केवळ नेवाशाचे नाही. अकोल्याच्या डोंगरवाड्यांपासून जामखेडपर्यंत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत ते दिसेल, जिल्ह्याबाहेरही दिसेल. त्यावर रागावण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न मात्र विचारला पाहिजे. मांजर जपानचे आणि मूल मराठी. या दोघांच्या मध्ये हिंदी आली कोठून? हा निर्णय मुलाने घेतला नाही, आजीने घेतला नाही, मुलाच्या आईवडिलांना तर असा काही निर्णय झाल्याचेही ठाऊक नाही. मग तो कोणी घेतला?

या मांजराचे नाव डोरेमॉन. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथाकाराने ते १९६९ मध्ये जन्माला घातले. आजही जपानमध्ये दिसणारी त्याची दूरचित्रवाणी मालिका १९७९ मध्ये सुरू झाली आणि पुढे आशियातल्या बहुतेक देशांत पोहोचली. आळशी, रडव्या नोबिताच्या मदतीला भविष्यातून आलेले हे यांत्रिक मांजर पोटाच्या खिशातून नाना जादूची साधने काढून देते, नोबिता त्यांचा दुरुपयोग करतो आणि शेवटी फजित होतो. घर, शाळा, शेजार एवढेच त्याचे जग. कथा म्हणून त्यात फारसे वावगे नाही; कित्येक देशी मालिकांपेक्षा ती बरी. जपानचे शहाणपण असे की, २००८ मध्ये त्या देशाच्या परराष्ट्र खात्याने याच मांजराची 'अॅनिमे-दूत' म्हणून रीतसर नेमणूक केली. देशाची प्रतिमा जगाच्या मनात कशाने रुजते, हे तिथल्या मुत्सद्द्यांना नेमके कळलेले होते.

आता या एकाच मांजराचे शेजारच्या देशांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. भारतातल्या बालवाहिनीवर हिंदीत बोलणारा डोरेमॉन उपग्रहाद्वारे बांगलादेशातही दिसत होता. ढाक्यातली मुले घरात हिंदी बोलू लागल्याची पालकांची तक्रार वाढली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या माहितीमंत्र्यांनी त्या हिंदी प्रक्षेपणावर बंदी जाहीर केली. ज्या देशाने १९५२ च्या २१ फेब्रुवारीला मातृभाषेसाठी तरुणांचे रक्त सांडलेले पाहिले आणि ज्याच्या आग्रहामुळे 'युनेस्को'ने १९९९ मध्ये तो दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन ठरवला, त्याने असे करावे यात नवल नाही. महत्त्वाचे आहे ते पुढचे पाऊल. काही काळाने तिथल्याच एका वाहिनीवर डोरेमॉन बंगाली बोलू लागला. मांजर गेले नाही, त्याची भाषा बदलली. पाकिस्तानातही २०१६ मध्ये पंजाब प्रांताच्या विधानसभेत या हिंदी डोरेमॉनविरुद्ध ठराव मांडण्यात आला होता. त्यामागचे राजकारण वेगळे, त्यात शिरण्याचे कारण नाही.

आणि दिल्ली? दिल्लीलाही एका जपानी व्यंगचित्राचा राग आला होता. २००८ मध्ये 'शिन-चॅन' या मालिकेवर सरकारने बंदी घातली. कारण त्यातला मुलगा आगाऊ, मोठ्यांची टिंगल करणारा. पुढच्या वर्षी काटछाट होऊन ती मालिका परतली. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने दोन राजधान्यांनी दोन जपानी चित्रमालिकांवर आक्षेप घेतले. दिल्लीचा आक्षेप मुलांच्या वागणुकीबद्दल होता, ढाक्याचा मुलांच्या भाषेबद्दल. मराठी घरांनी यांपैकी पहिल्या आक्षेपावर भरपूर चर्चा केली आहे. दुसरा आक्षेप त्यांना कधी सुचलाच नाही.

सुचला नाही, याला इतिहास आहे. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये अमेरिकी वृत्तवाहिनीवरून भारतीय घरांत आली, त्याच वर्षी 'स्टार' आली आणि 'सांता बार्बरा', 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' या अमेरिकी मालिका केबलवरून दिसू लागल्या. त्या वेळी संस्कृतीच्या काळजीने किती परिसंवाद झाले, किती लेख लिहिले गेले, किती संस्कारवर्गांत हा विषय निघाला, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. ती काळजी प्रामाणिक होती, पण तिचा रोख चुकला. त्या इंग्रजी मालिका मोठ्या शहरांतल्या थोड्या घरांपलीकडे गेल्याच नाहीत. पाथर्डीला, राहुरीला त्या कोणी पाहिल्या? उलट भारतीय प्रेक्षकाने 'स्टार'लाच वाकवले. जुलै २००० मध्ये त्या वाहिनीने हिंदीची कास धरली आणि 'कौन बनेगा करोडपती' आणली. तो खेळ १९९८ मधल्या एका ब्रिटिश कार्यक्रमावर बेतलेला होता, हे किती प्रेक्षकांना जाणवले? २००३ मधली 'जस्सी' मूळची कोलंबियाची, २००४ मधला 'इंडियन आयडॉल' मूळचा इंग्लंडचा, २००६ मध्ये आलेला 'बिग बॉस' मूळचा हॉलंडचा. परदेशी कार्यक्रम परदेशी भाषेत आला तेव्हा तो उंबऱ्याबाहेर राहिला. हिंदीचा वेष घालून आला तेव्हा थेट माजघरात जाऊन बसला. मोठ्यांचे ठीक आहे, त्यांची मराठी पक्की झालेली असते. मुलांचे तसे नाही.

या उलटसुलट प्रवासाचा एक मासला तर विलक्षण आहे. नागपूरच्या उत्तरेला लागून असलेल्या सिवनीच्या जंगलाची पार्श्वभूमी घेऊन मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने मोगलीच्या गोष्टी इंग्रजीत लिहिल्या. १९८९ मध्ये जपानी कंपनीने त्यांची चित्रमालिका केली आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ती हिंदीतून दिसू लागली. महाराष्ट्राच्या सीमेवरचे जंगल लंडन, टोकियो आणि दिल्ली असा फेरा मारून मराठी घरात आले आणि तरीही मराठीत आले नाही. त्या पिढीतली मुले आज आईबाप झाली आहेत. आपल्या मुलाला हिंदी मांजर पाहताना त्यांना काही खटकत नाही, कारण त्यांचा मोगलीही हिंदीच बोलत होता.

लहान समाजाला असे काही करताच येत नाही, मोठ्या बाजारापुढे मान तुकवावीच लागते, असे म्हणणारे व्यवहारचतुर लोक सगळीकडे असतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणे पुरेशी व्हावीत.

पहिले आइसलंडचे. १९६० च्या दशकाच्या मध्यात या बेटाची लोकसंख्या दोन लाखांच्या आतबाहेर होती. केफ्लाविक येथे अमेरिकेचा लष्करी तळ होता आणि तिथल्या सैनिकांसाठी १९५५ पासून चालणारे अमेरिकी दूरचित्रवाणी केंद्र रेक्याविक या राजधानीच्या घरांतही दिसू लागले होते. देशाचे स्वतःचे केंद्र नव्हतेच. मुले अमेरिकी कार्यक्रमांवर वाढू लागली, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या साठ मान्यवर नागरिकांनी संसदेकडे निवेदन दिले: हे प्रक्षेपण तळापुरते मर्यादित करा. त्यावर बराच वाद झाला, निवेदन देणाऱ्यांची टिंगलही झाली. पण ३० सप्टेंबर १९६६ रोजी आइसलंडची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली. तिची पथ्ये आज ऐकली तर हसू येईल. गुरुवारी प्रक्षेपण बंद, कारण तो दिवस माणसांनी माणसांना भेटण्याचा. जुलै महिनाभर बंद, कारण तो उन्हाळ्याचा. जुलैची सुटी १९८३ पर्यंत आणि गुरुवारची १९८७ पर्यंत चालली. परदेशी कार्यक्रम तिथेही भरपूर दिसतात, एवढ्याशा देशाला सारे घरी बनवणे कसे परवडावे? पण त्यांना आइसलंडिक भाषेची ध्वनिपट्टी किंवा पडद्याखाली त्या भाषेतला मजकूर जोडावा लागतो आणि वाचता न येणाऱ्या लहान मुलांचे कार्यक्रम भाषांतरित होऊन येतात.

२०११ च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार भरली. आइसलंडची आज चार लाखसुद्धा नाही.

दुसरे उदाहरण वेल्सचे. हा देश इंग्लंडला चिकटलेला, इंग्रजीने जवळजवळ गिळलेला. १९८० च्या सुमारास वेल्श बोलणारे पाच लाखांच्या आसपास उरले होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहिनी देण्याचे वचन ब्रिटनमधल्या सत्ताधारी पक्षाने १९७९ च्या निवडणुकीत दिले आणि सत्ता मिळताच मोडले. तेव्हा ग्विन्फोर एव्हान्स या वृद्ध नेत्याने घोषणा केली की, वाहिनी मिळाली नाही तर ६ ऑक्टोबर १९८० पासून आपण आमरण उपोषणाला बसू. गांधीजींचा देश असलेल्या भारतात उपोषण नवे नाही, पण दूरचित्रवाणी वाहिनीसाठी प्राण पणाला लावणारा दुसरा माणूस सापडणे कठीण. सरकारने सप्टेंबरमध्येच माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी 'एस-फोर-सी' ही वेल्श वाहिनी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्या वाहिनीवर काय दाखवले गेले? 'सुपरटेड' नावाच्या अस्वलाची बालचित्रमालिका, वेल्शमध्ये. पुढे तेच अस्वल इंग्रजी शिकून अमेरिकेतल्या डिस्ने वाहिनीपर्यंत पोहोचले. अग्निशामक दलातल्या सॅमची जगभर गाजलेली बालमालिकासुद्धा याच वाहिनीच्या आश्रयाने ऐंशीच्या दशकात तयार झाली. पाच लाखांच्या भाषेने मुलांसाठी आपले काही निर्माण केले आणि ते जगाने विकत घेतले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी स्वतःच्या मुलांसाठी, मग जगासाठी.

मोठ्या देशांचे उपाय वेगळे. फ्रान्समध्ये वाहिन्यांवरच्या चित्रपटांत आणि मालिकांत साठ टक्के युरोपीय आणि चाळीस टक्के फ्रेंच भाषेतली निर्मिती असावी, असा दंडक आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये मागणीनुसार चित्रपट-मालिका पुरवणाऱ्या इंटरनेट सेवांवरही तीस टक्के युरोपीय निर्मितीची अट घातली. चीनने १ सप्टेंबर २००६ पासून सायंकाळी पाच ते आठ या वेळेत परदेशी व्यंगचित्रपटच बंद केले आणि दोन वर्षांनी ती वेळ नऊपर्यंत वाढवली. चीनचा मार्ग भारताचा होऊ शकत नाही आणि होऊही नये. दाराला कुलूप लावून भाषा जगत नाही. शिवाय या सगळ्यांत चीनने आणि फ्रान्सने बंदीबरोबर पैसाही ओतला, हे विसरून नुसत्या बंदीचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात.

मग मराठीचे घोडे अडले कुठे? पैशात? माणसांत? २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख. हिंदी आणि बंगालीखालोखाल देशात तिसरा क्रमांक. तमिळ ६ कोटी ९० लाख, कन्नड ४ कोटी ३७ लाख, मल्याळम ३ कोटी ४८ लाख. आता दक्षिणेकडे पाहावे. मुलांसाठी चोवीस तास चालणारी तमिळ 'चुट्टी' वाहिनी २००७ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये तेलुगूची 'खुशी' आणि कन्नडची 'चिंटू', २०११ मध्ये मल्याळमची 'कोचू'. अमेरिकेतली भटकी डोरा चेन्नईत जाऊन तमिळ बोलू लागली आणि तिथल्या मुलांची लाडकी झाली. मराठीहून निम्म्यापेक्षा कमी बोलणारे असलेल्या मल्याळमला जे २०११ मध्ये मिळाले, ते मराठीला मिळायला २०२१ उजाडले. त्या वर्षी एप्रिलमध्ये हैदराबादच्या एका समूहाने 'बाल भारत' ही वाहिनी अनेक भारतीय भाषांत सुरू केली, त्यांत एक मराठी. मधल्या काळात एक सबंध पिढी शाळेतून बाहेर पडली. आणि ही वाहिनी तरी किती मराठी घरांत लावली जाते?

याचे कारण शोधताना परदेशी कंपन्यांच्या कटापर्यंत जाण्याची गरज नाही. कारण अगदी साधे, वाण्याच्या हिशेबासारखे आहे. वाहिनी चालते जाहिरातींवर आणि जाहिरात मिळते प्रेक्षकांच्या मोजणीवर. या मोजणीत दक्षिणेची राज्ये वगळून उरलेला देश 'हिंदी भाषक बाजारपेठ' या एकाच नावाखाली धरण्याची पद्धत आहे आणि महाराष्ट्र त्याच बाजारपेठेत मोडतो. विधानसभेत मराठी, फलकांवर मराठी, पण जाहिरातदाराच्या नकाशावर कोल्हापूर आणि कानपूर एकाच रंगात. बालवाहिनी जपानी मालिकेचे हक्क विकत घेते, तिचे एकदा हिंदीत ध्वनिमुद्रण करते आणि तो माल अर्ध्या देशाला पुरतो. तमिळ मूल हिंदी पाहत नाही. त्याला मिळवायचे तर तमिळ ध्वनिपट्टीचा खर्च करावा लागतो आणि त्या खर्चातून नवा प्रेक्षक हाती येतो. मराठी मूल हिंदी पाहतेच. मग त्याच्यासाठी वेगळा खर्च करून मिळणार काय? जो प्रेक्षक आधीच पिशवीत आहे, त्याच्यासाठी दुसरी पिशवी कोण शिवेल? मराठी माणूस दुसऱ्याची भाषा समजून घेतो, म्हणून त्याला त्याची भाषा मिळत नाही. समंजसपणाची अशी किंमत दुसऱ्या कोणत्या समाजाने मोजली असेल, सांगता येत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. हिंदी ही काही परकी नव्हे; राष्ट्राला जोडणारी भाषा आहे; मूल ती आयती शिकत असेल तर बिघडले काय? पुण्यात, सुरतेत, दिल्लीत नोकरीला गेल्यावर ती कामालाच येईल. हे सारे खरे आहे. हिंदीशी मराठीचे वैर कधी नव्हते. हिंदी पत्रकारितेला वळण देणारे बाबूराव विष्णु पराडकर मराठी कुळातले होते. पण पराडकरांचा पाया पक्का होता. प्रश्न दुसरी भाषा येण्याचा नाही, पहिली भाषा कच्ची राहण्याचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयात मूल ज्या भाषेत रागावते, हट्ट करते, स्वप्न पाहते, तिच्यात त्याचे शब्द साठतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला तो याचसाठी. शाळेत पाच तास मातृभाषा आणि घरी तीन तास पडद्याची भाषा असेल, तर त्या धोरणाचे काय होणार? नगरच्या मुलाला विळी, पाभर, मोट, रांजण हे शब्द कळत नाहीत याचे दुःख शिक्षक करतात. वस्तूच गेल्या, शब्द कसे राहतील, हे त्यावरचे उत्तर काही अंशी बरोबर आहे. पण राग, लाज, हेवा, लाड या वस्तू कुठे गेल्या आहेत? त्यांचेही शब्द हिंदी होऊ लागले, त्याचे काय?

याच्याच जोडीला आरशात पाहण्याचीही तयारी हवी. हिंदी मालिका शेजाऱ्यांच्या घरात नेमके तेच करीत आल्या आहेत. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' दारी भाषेत काबूलमध्ये इतकी चालली की, २००८ मध्ये अफगाण सरकारने ती आणि आणखी काही भारतीय मालिका थांबवण्याचा आदेश काढला. नेपाळने २०२० मध्ये आणि बांगलादेशाने २०२१ मध्ये परदेशी वाहिन्यांनी जाहिराती काढूनच प्रक्षेपण पाठवावे, असा नियम अमलात आणला. भारतीय वाहिन्यांबरोबर येणाऱ्या जाहिरातींमुळे तिथल्या वाहिन्यांचे उत्पन्न बुडत होते. अशा निर्णयांकडे भारतविरोध म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण वस्तीवरच्या त्या नातवाचा विचार करणाऱ्याला काठमांडूच्या आजोबाचे म्हणणे समजायला हरकत नसावी. उलट व्हिएतनाममध्ये 'बालिका वधू'ने आणि इंडोनेशियात २०१३ च्या 'महाभारता'ने लोकांची मने जिंकली ती तिथल्या भाषेत पोहोचूनच. १९९० मध्ये बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' ब्रिटनच्या 'बीबीसी'ने दाखवले, तेही इंग्रजी मजकुरासह. पाहुण्याने यजमानाची भाषा बोलावी हा शिष्टाचार भारतीय निर्माते परदेशात पाळतात. तोच त्यांनी महाराष्ट्रात पाळावा, एवढेच मागणे आहे. मॉरिशससारख्या चिमुकल्या देशाची सरकारी दूरचित्रवाणी तिथल्या मूठभर मराठी वंशजांसाठी मराठी कार्यक्रम दाखवते, मग मुंबईत कार्यालये थाटून बसलेल्या बालवाहिन्यांना हे अवघड का जावे?

नगर जिल्ह्याच्या बाबतीत तर हा विरोधाभास आणखी तीव्र आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले. त्यांच्या जीवनावरची मोठी दैनंदिन मालिका २०२१ मध्ये सुरू झाली ती हिंदीत, मूळ जपानी मालकी असलेल्या 'सोनी' वाहिनीवर. शिर्डीच्या साईबाबांवरची २०१७ मधली मालिकाही तिथेच, हिंदीतच. दोन्हींच्या निर्मितीत मराठी माणसे होती, मेहनत चांगली होती, देशभर त्या पाहिल्या गेल्या; याचा अभिमानच वाटावा. पण चौंडीच्या मुलीने लहानपणी आपल्या आईशी जी मराठी बोलली असेल, ती जामखेडच्या आजच्या मुलीला त्या पडद्यावर ऐकू आली नाही. निर्मात्यांना दोष देऊन उपयोग नाही. पैसा जिकडे, तिकडे भाषा जाते. तिला वळवायची तर पैशाची, नियमांची किंवा मागणीची दिशा बदलावी लागते.

नियमांचे पाहू. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकांना सक्तीचे केले. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी वाहिन्यांना रोज अर्धा तास लोकहिताचे कार्यक्रम दाखवण्यास सांगितले. त्यासाठी सुचवलेल्या विषयांत शिक्षण आहे, शेती आहे, आरोग्य आहे, सांस्कृतिक वारसा आहे. मुलांची मातृभाषा नाही. ती त्यात घालावी अशी मागणी महाराष्ट्रातून झाली असती, तर त्यात कोणाचे नुकसान होते? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. त्या दर्जाबरोबर येणाऱ्या योजनांत जुन्या ग्रंथांचा अभ्यास होईल, तो झालाच पाहिजे. पण ग्रंथ वाचणारा पुढचा वाचक आज चार वर्षांचा आहे आणि तो रिमोट हातात घेऊन बसला आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. परदेशी आणि देशी बालमालिकांच्या मराठी ध्वनिमुद्रणाला तसेच साह्य दिले, तर एका चित्रपटाच्या खर्चात कितीतरी तासांचे कार्यक्रम मराठीत येतील. मुंबई हे देशातल्या ध्वनिमुद्रणाचे मोठे केंद्र आहे. हिंदी डोरेमॉनला लागणारी सामग्री आणि कसब ज्या शहरात आहे, तिथेच मराठी रंगभूमीवरचे शेकडो कसलेले आवाज कामाच्या शोधात असतात.

दूरदर्शनचे तर मुळातच हे कर्तव्य. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा साधने तुटपुंजी होती, चित्र कृष्णधवल होते. तरी 'किलबिल' मुलांसाठी होते, 'आमची माती, आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी होते. रंग आले, उपग्रह आले, वाहिनीला 'सह्याद्री' असे भारदस्त नाव मिळाले आणि मुलांची हक्काची वेळ मात्र हरवली. डिशच्या मासिक शुल्काची ज्यांना चणचण आहे, त्या घरांत आजही दूरदर्शनची विनाशुल्क सेवा चालते. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोपीत संच नसतो, मोबाइल असतो. तिथे पोहोचायचे तर तेच कार्यक्रम यूट्यूबवर टाकावे लागतील. हे काम खासगी वाहिनी नफ्याच्या हिशेबाने करणार नाही. सरकारी वाहिनीने ते करायला हवे, कारण तिला नफ्याचा हिशेब द्यावा लागत नाही.

राहता राहिली मागणी, आणि ती मात्र घराघरांतूनच निघायला हवी. २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या निवडून घेण्याची मुभा आहे. बहुतेक घरांत केबलवाला देईल तो संच मुकाट्याने घेतला जातो. काही बालवाहिन्यांनी मराठी ध्वनिपट्टी दिलेली असते, रिमोटवरचे भाषेचे बटण दाबले की ती मिळते. ते बटण किती आईबापांनी दाबून पाहिले आहे? कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांत दूरचित्रवाणी कमी पाहा, असे सांगण्याची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण कोणी ऐकत नाही. त्याऐवजी त्या घरातला संच लावून, भाषेचे बटण दाखवून, केबलवाल्याला मराठी बालवाहिनी मागणारा अर्ज तिथल्या तिथे लिहून घेतला, तर बैठकीचा तास अधिक सत्कारणी लागेल. एका वॉर्डातून असे पन्नास अर्ज गेले, तर केबलवाल्याला ते कळते. शंभर गावांतून गेले, तर वाहिनीलाही कळते. प्रेक्षक पिशवीत आहे हे ज्या हिशेबात लिहिले आहे, तो हिशेब अशाच अर्जांनी बदलतो.

दूरदर्शनकडे मागणी करायची तर पत्र वरळीच्या केंद्राला पाठवावे आणि त्यात वेळ स्पष्ट लिहावी: सायंकाळी सहा ते सात. नेवाशाच्या वस्तीवरचे मूल शाळेतून येऊन, हातपाय धुऊन संच लावते, ती हीच वेळ.